मधे खांब नको

माझ्या बायकोला कोणाच्या लग्नाला न्यायचं म्हणजे आधी तिच्या मानेची काळजी करावी लागते. सगळी माणसं नवरानवरीकडे बघत असतात, बायका एकमेकींच्या साड्यांकडे बघत असतात, आणि आमची संघरत्ना वर बघत असते. छताकडे. हॉलवाल्याला वाटतं, बाईंना उकडतंय. एका मॅनेजरने तर धावत जाऊन तिच्या डोक्यावर एक जादा पंखा सुरू करून दिला होता.

आमच्या स्वतःच्या लग्नातही तिने हेच केलं. भंतेजी त्रिशरण-पंचशील म्हणत होते, आम्ही दोघं हात जोडून उभे होतो, आणि ती हळूच माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, गोड काहीतरी असेल. ती म्हणाली, "डावीकडची तिसरी कैची बघ. तिला बाजूने कोणी धरलेलंच नाही."

कैची म्हणजे पत्र्याच्या छताखाली लोखंडाचा जो त्रिकोणी सांगाडा असतो, तो. तिच्या पुस्तकात त्याला ट्रस म्हणतात, पण मुरबाडच्या बाजारपेठेपासून आटगावच्या वर्कशॉपपर्यंत सगळे कैचीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार. मी महेंद्र, इकडच्याच एका शाळेत मराठी शिकवतो. इंजिनिअर बाईच्या नवऱ्याला एवढं तरी स्वातंत्र्य असावं.

ही वर बघायची खोड तिला लहानपणीच लागली. तिचं माहेर आटगावजवळ. तिचे वडील काळूअप्पा हायवेकडच्या एका मोठ्या गोदामावर पहारेकरी होते. शाळा सुटली की ही त्यांचा डबा घेऊन जायची. गोदाम एवढं मोठं की आत गेलेला ट्रक आतल्या आत वळून बाहेर यायचा, आणि मधे एकही खांब नाही. एकदा तिने विचारलं, "अप्पा, हे वर कशावर ऱ्हायलंय?" अप्पांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "मालकानं ठेवलंय म्हणून ऱ्हायलंय." या उत्तराने समाधान झालं नाही म्हणून पोरगी इंजिनिअर झाली, असं मी सगळीकडे सांगतो. ती म्हणते, मी मीठमसाला लावतो. लावतोच. पण अप्पांना विचारलं तर तेही हसून हो म्हणतात.

आधी डिप्लोमा, मग डिग्री, मग ठाण्याच्या एका ऑफिसात कित्येक वर्षं तिने गोदामांच्या कैच्याच काढल्या. भिवंडीच्या बाजूला तिने आखलेली छतं ओळीने उभी आहेत. पण नकाशावर सही साहेबांची. त्यात काही गैर नव्हतं, ऑफिसची पद्धतच ती. तरीही हायवेने जाताना एखाद्या शेडकडे बोट दाखवून "ही माझी" म्हणताना तिचा आवाज जरा खालीच यायचा. लग्नानंतर तिने ती नोकरी सोडली आणि मुरबाडला एसटी स्टँडच्या समोर, औषधाच्या दुकानाच्या वर स्वतःचं ऑफिस टाकलं. 'संघरत्ना, स्ट्रक्चरल डिझायनर' अशी पाटी लावली. लोक येऊ लागले. जिन्याखाली संडास बसेल का, गॅलरी दोन फूट पुढे काढली तर चालेल का, असले प्रश्न घेऊन. ती सगळ्यांना नीट उत्तरं द्यायची आणि घरी येऊन माझ्यावर चिडायची. मी काही गॅलरी वाढवली नव्हती, पण नवरा जवळ असतो.

तिला हवा होता मोठा गाळा. दोन भिंतींच्या मधलं मोठं अंतर, आणि ते एका उडीत पार करणारं छत. तेही स्वतःच्या सहीचं. आणि ते काम तिला मिळालं आमच्याच गावात, सिद्धगडाच्या अलीकडच्या करंजपाड्यात.

आमचा गाव कबड्डीचा. भात घरात आलं की पोरांना दुसरं काही दिसत नाही. गावात एक जुनं समाजमंदिर होतं, त्याच्या मधोमध दोन जाड खांब. पावसाळ्यात सराव तिथेच. चढाई करणाऱ्याला समोरचे सात गडी चुकवायचे आणि वर हे दोन खांब. आमचा सगळ्यात चांगला खेळाडू आदेश, जिल्ह्याच्या निवडीच्या आदल्या आठवड्यात त्यातल्याच एका खांबावर आदळला आणि त्याचा खांदा निखळला. तेव्हापासून गावाने ठरवलं होतं, नवीन हॉल बांधायचा. खेळायला, लग्नाला, सभेला, सगळ्याला.

गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष महिपत नाना. शेतकरी माणूस, तरुणपणी स्वतः नावाजलेला खेळाडू. बैठकीत नानांनी उभं राहून सांगितलं, "किती बी मोठा करा, पन मधी खांब नको." कोणीतरी विचारलं, मोठा म्हणजे केवढा? नाना म्हणाले, "मॅटचा मैदान, चारी बाजूला बसायला जागा. शंभर फूट तरी रुंद पायजे." लोक हसले. शंभर फूट, आणि खांब नाही! मागे बायकांमधे बसलेली संघरत्ना उठली आणि म्हणाली, "होईल."

मी खालून तिचा पदर ओढला. तिने पदर सोडवून घेतला आणि पुन्हा म्हणाली, "होईल, नाना. मी करून देते."

घरी आल्यावर माझी आई, चिमाबाई, दारातच बसून राहिली. गावच्या कामाला आमच्या वस्तीतल्या बाईची सही लागणार, ही गोष्ट तिच्यासाठी फार मोठी होती. माझा बाप त्या समाजमंदिराच्या पायरीवर बसून मॅच बघायचा, आत जायला त्याचं मन धजत नसे. शेवटी आई एवढंच म्हणाली, "बाय, पडणार नाय ना गो?" संघरत्ना म्हणाली, "नाय आई." आईने तिची दृष्ट काढली. खरं तर आमच्याकडे हे सगळं मानत नाहीत. पण आईने काढली.

त्या दिवसांत आमच्या घरात झाडू टिकला नाही. संध्याकाळी ती काड्या मोडून जमिनीवर कैच्या मांडायची. मला बसवून समजावायची. चार काड्यांचा चौकोन केला आणि कोपऱ्यावर बोट दाबलं, की तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी कलत नाही. म्हणून मोठं छत म्हणजे त्रिकोणाला त्रिकोण जोडत नेलेली माळ. वरची दांडी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या तिरप्या दांड्या ज्याचा भार त्याच्याकडे पोचवतात. "प्रत्येक दांडीला तिचं काम ठरवून दिलेलं असतं," ती म्हणाली. "ताणाची असेल ती बारीक चालते. दाबाची असेल तिला जाडी लागते, नाहीतर ती वाकते." मी म्हटलं, आमच्या शाळेतही कामं अशीच वाटली असती तर बरं झालं असतं. आई आतून ओरडली, उद्या अंगण काय हाताने झाडू का?

कैच्या बनल्या आटगावला, ओमकारच्या वर्कशॉपमध्ये. ओमकार हा तिच्या शाळेतला. वेल्डिंगमध्ये हात साफ आणि तोंडाने अखंड बडबड. अख्खी कैची किन्हवलीच्या वळणावरून येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने ती दोन तुकड्यांत आखली होती. तुकडे ट्रेलरवर आले, जमिनीवर बोल्टने जोडले, आणि दिवाळीनंतरच्या एका स्वच्छ सकाळी क्रेनने पहिली कैची उचलली. सगळा गाव जमला. शेतातली कामं टाकून आले होते. शंभर फूट लांबीचं ते लोखंड या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन अलगद टेकलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी तिच्याकडे बघितलं. ती बोल्टकडे बघत होती.

त्याच वेळी तिने मंडळाच्या लोकांना एक गोष्ट सांगितली. कैची मुद्दाम मधे चार बोटं वर उचलून बनवली आहे, किंचित कमानीसारखी. पत्रे चढले की त्यांच्या वजनाने ती खाली बसेल आणि सरळ दिसेल. ते तसंच व्हायला हवं आहे, घाबरू नका. तिने हे चांगलं मोठ्याने सांगितलं. पण समोर क्रेन चालू असताना आमच्या गावात बायकोचंच काय, कोणाचंच कोणी ऐकत नाही.

मग काळूअप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ती चार दिवस माहेरी गेली. इकडे पत्रे चढले. आणि ती म्हणाली होती तसंच झालं, कैच्या खाली बसल्या.

नानांनी ते बघितलं. नुसतं डोळ्यांनी नाही, त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून बघितलं. परवा दोरीच्या वर असलेलं लोखंड आज दोरीला येऊन टेकलं होतं. आता आमच्याकडच्या माणसाने काय करावं? जुन्या घराचं आढं, म्हणजे छपराचं मधलं लाकूड, जरा वाकलं की त्याखाली मेढ, म्हणजे लाकडी खांब, द्यायची आणि पाचर ठोकायची, हे इथे पोर चालायला लागलं की शिकतं. आमची निम्मी घरं अशा टेकूंवर उभी आहेत आणि चांगली उभी आहेत. नानांनी आपल्या गोठ्यातली ऐनाची जुनी मेढ काढून आणली. ट्रॅक्टरचा जॅक आणला. मधल्या कैचीच्या बरोब्बर मधे मेढ उभी केली, खालून जॅक लावून कैची चांगली चार बोटं वर उचलली, पहिल्यासारखी कमान आली तेव्हाच थांबले, आणि पाचर ठोकली. मेढीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी शाळेतून आलो तर मला खोबऱ्याचा तुकडा हातात मिळाला. मी संघरत्नाला फोन केला. पलीकडे ती एवढंच म्हणाली, "कोणाला आत जाऊ देऊ नकोस. मी निघाले."

ती आली आणि दारातूनच तिने वर बघितलं. मेढीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या तिरप्या दांड्यांपैकी एक धनुष्यासारखी वाकली होती. कैचीच्या मध्याजवळच्या तिरप्या दांड्यांवर एरवी सगळ्यात कमी भार येतो, म्हणून तिथे तिने बारीक दांड्या घातल्या होत्या. नानांनी नेमका तिथेच खालून रेटा दिला. जिचं काम ताण सोसायचं, तिला एकदम दाब सोसायला लावला. दुसरं काय होणार? ओमकार आटगावहून आला, त्याने स्वतःचा जॅक लावून मेढ अगदी हळू उतरवली आणि ती दांडी बदलून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच तो तोंड मिटून काम करताना दिसला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. गावाने वाकलेली दांडी बघितली होती. आणि गावाचा हिशेब सरळ होता. दांडी वाकली म्हणजे कैची कच्ची, आणि टेकू दिला होता म्हणून थोडक्यात निभावलं. टेकूनेच ती वाकवली, हे कोणाच्या गळी उतरेना. बैठक बसली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, मधे सिमेंटचा पक्का खांब घालायचा. एकाने तर, बाईमाणसाच्या हातात एवढं मोठं काम द्यायचंच नव्हतं, असंही बोलून घेतलं. मी उठलो होतो, तिने मला खाली बसवलं.

नाना हळू आवाजात म्हणाले, "सूनबाय, तुज्यावर राग नाय. पन खाली आमची पोरं खेळणार हायत. उद्या काय झाला तर मी कोनाला तोंड दाखवू?"

मी घरी येईपर्यंत चडफडत होतो. एवढं शिकलेली बाई सांगते आहे, तर ऐकायला काय जातं? मी गावाला, नानांना, जुन्या घरांना आणि ऐनाच्या झाडालाही नावं ठेवली. ती चूल शिलगावत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "नाना पोरांची काळजी करतायत. त्यात काय चुकलं? मी त्यांना नुसतं सांगितलं. दाखवलं कुठे?"

आणि मग तिने जे ठरवलं ते ऐकून माझी भूकच गेली. ती छतावर भार टाकून दाखवणार होती. सगळ्या गावासमोर. त्याच कैचीवर, जिची दांडी बदलली होती. वादळ, माणसं, पंखे, दिवे, सगळं धरून तिने जेवढा भार हिशेबात घेतला होता, तेवढा सगळा त्या एका कैचीला खालून टांगायचा. मी विचारलं, "आणि नाही पेललं तर?" ती म्हणाली, "तर मधे खांब. आणि मी परत जिने काढायला मोकळी."

भार आणायचा कुठून? पौष लागला होता, झोडणी आटपली होती, घराघरांत भाताच्या गोण्या होत्या. संघरत्ना आणि आदेश घरोघर फिरले. आदेशचा खांदा आता बरा झाला होता आणि बाकी गावाचं काहीही असो, त्याला तो खांब नकोच होता. आधी लोक कां कू करत होते. मग नानांनीच पहिली गोणी दिली. "बघूया तरी," म्हणाले. मग ट्रॉल्या भरून गोण्या आल्या. प्रत्येक घराची खूण वेगळी, कोणाच्या गोणीला लाल चिंधी, कोणाच्या गोणीच्या तोंडाला निळी सुतळी, म्हणजे नंतर भांडणं नकोत.

कैचीच्या खालच्या सांध्यांना साखळ्या लावून जमिनीपासून वीतभर उंचीवर फळ्यांचे पाळणे टांगले. आणि मग तिने नानांना म्हटलं, "नाना, तुमच्या मेढी आणा. जेवढ्या असतील तेवढ्या."

नाना बघतच राहिले. तिने त्या मेढी कैचीच्या खाली ओळीने उभ्या करून घेतल्या, खाली पक्क्या बांधल्या, पण वरचं टोक लोखंडाच्या चार बोटं खाली ठेवलं. टेकू, पण न टेकलेला. "माझा हिशेब चुकला तर कैची तुमच्या मेढींवर येऊन बसेल, कोणाच्या डोक्यावर नाही," ती म्हणाली. नानांनी प्रत्येक मेढ स्वतःच्या हाताने हलवून बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा थोडी उमेद दिसली.

एका बाजूला जमिनीच्या मोजणीची दुर्बीण लावली होती आणि कैचीच्या मधोमध असलेल्या मेढीला एक उभी पट्टी बांधली होती, तिचं टोक कैचीच्याही वर. ऐन कामाला सुरुवात करण्याआधी संघरत्ना शिडीवर चढली आणि तिने पट्टीवर लाल रंगाची एक रेघ ओढली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "सगळा भार चढल्यावर छत या रेघेपर्यंत खाली येईल. येणार आहे, आत्ताच सांगते, मग ओरडू नका. भार काढला की परत वर जाईल. रेघेच्या खाली गेलं, तर मी स्वतः उभी राहून मधे खांब घालून देईन."

बाहेर अंगणभर माणसं. आत फक्त गोण्या वाहणारी पोरं, तीही तिच्या शिट्टीवर. सगळ्या पाळण्यांत सारख्या गोण्या पडल्या की शिट्टी, सगळे बाहेर, ती दुर्बिणीला डोळा लावणार, आकडा सांगणार, मग पुन्हा शिट्टी. छत खाली येत होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण आकडा येत होता. प्रत्येक आकड्याला अंगणातून एक उसासा निघायचा. आई माझा दंड धरून उभी होती आणि तिची नखं मला रुतत होती.

मधेच नाना उठले आणि सरळ आत निघाले. "माजा भरवसा हाय तुज्यावर, मी खाली उभा ऱ्हातो," म्हणाले. संघरत्ना त्यांच्यावर अशी ओरडली की तसं मी घरी कधी ऐकलं नव्हतं. "नाना, बाहेर! माझ्यावर भरवसा ठेवून छत उभं राहत नसतं!" नाना, ज्यांच्यापुढे सरपंचही आवाज चढवत नाही, ते मुकाट्याने बाहेर येऊन बसले.

गोण्या संपत आल्या आणि थोडा भार कमी पडला. मधल्या पाळण्याला एक गोणी हवी होती. घराघरातलं जे द्यायचं ते देऊन झालं होतं. तेव्हा नानांची बायको, हौसाआजी, उठून घरी गेली आणि दोन पोरांच्या खांद्यावर एक गोणी घेऊन आली. तोंडाला कडुलिंबाचा डहाळा बांधलेली. बियाण्याची गोणी. आमच्याकडे बियाणं घराबाहेर काढत नाहीत, शेजाऱ्याला दाखवतसुद्धा नाहीत. आजी म्हणाली, "घाल गो ह्या बी. पडला तर पुढच्या सालाला पेरू काय?" आणि स्वतःच हसली. संघरत्नाने पोरांना मधल्या पाळण्याकडे हात दाखवला.

ती गोणी चढली. शिट्टी झाली. पोरं बाहेर आली. संघरत्ना दुर्बिणीवर वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"रेघेच्या वर आहे," ती म्हणाली.

कोणी ओरडलं नाही. कोणाला कळलंच नाही की आता ओरडायचं. नाना दुर्बिणीपाशी गेले, एक डोळा मिटून त्यांनी बघितलं. लाल रेघेच्या केसभर वर कैची थांबली होती. सगळ्या गावाचं भात अंगाखांद्यावर घेऊन, शंभर फूट रुंद, मधे कोणाचाही हात न धरता.

"अजून संपलं नाही," तिने सांगितलं. भार एक अख्खा दिवस तसाच ठेवायचा होता. त्या दिवशी गावात कोणी कामाला गेलं नाही. माणसं येत, दारातून बघत, आणि परत जाऊन दुसऱ्याला सांगत की आहे तसंच आहे. दुसऱ्या दिवशी गोण्या उतरायला सुरुवात झाली. बियाण्याची पहिली. जसजसे पाळणे रिकामे झाले तसतसा आकडा उलटा फिरू लागला. आता मात्र प्रत्येक आकड्याला अंगणातून शिट्ट्या पडत होत्या.

शेवटची गोणी उतरली तेव्हा छत जवळजवळ पहिल्या जागी आलं होतं. जवळजवळ. किंचित कमी. मी घाबरलो. मी तिच्याकडे बघितलं, तर ती हसत होती. "तेवढं राहणारच," ती म्हणाली. "पहिल्यांदा भार आला की बोल्ट आपापल्या जागी घट्ट बसतात. आता हे आणखी पक्कं झालं."

"उठला रे!" आदेश ओरडला, आणि मग जो गलका झाला तो पार नदीपलीकडच्या पाड्यात ऐकू गेला असेल. ओमकार नाचत होता. पोरांनी मेढी सोडवल्या, पाळणे ओढून काढले, आणि त्या उघड्या जमिनीवर, मॅट वगैरे काही नसताना, दोन बाजू पाडून खेळायला सुरुवातही केली. आदेश चढाईला गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. एकदासुद्धा त्याने बाजूला बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

आई दारात उभी होती. मी म्हटलं, "आये, आत जा ना." ती आत गेली. हळूहळू चालत अगदी मधोमध गेली, तिथे उभी राहिली आणि वर बघू लागली. तिच्या शेजारी जाऊन संघरत्नाही वर बघू लागली. मी त्या दोघींकडे बघत होतो आणि मला रडू आलं. मास्तर असून सगळ्या पोरांसमोर रडलो, लपवलं नाही.

तेवढ्यात नाना आले. कमरेवर हात ठेवून त्यांनीही मान वर केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश नजर फिरवली, परत आणली, आणि घसा खाकरला.

"सूनबाय," ते म्हणाले, "शंभर फूट म्हंजे आमी जरा कमीच सांगितला गो. ह्याच्यापेक्षा मोठा होतो काय?"

संघरत्नाने मान खाली केली आणि नानांकडे बघितलं. हायवेवरून जाताना जो आवाज खाली यायचा, तो आज चांगला खणखणीत होता.

"किती पाहिजे, नाना?"